जबड्याचा कर्करोग आणि दातांचे पुनर्वसन

(नागपूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



कर्करोगाविषयी आपल्यासमोर यापूर्वी पुष्कळ बोलले गेले आहे. तंबाखू खाऊ नका, तोंडातील चट्टा अंगावर काढू नका, वेळीच तपासणी करून घ्या, हे आपण ऐकले आहे आणि आपापल्या गावात सांगितलेही आहे. आज मी त्याच्या पुढच्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहे. रुग्णाची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार पूर्ण झाले, रोग आटोक्यात आल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि माणूस गावी परतला. आता तो जेवणार कसा? जबड्याचा एक भाग गेलेला, त्याबरोबर दात गेलेले, तोंड कोरडे पडलेले. पंगतीत बसण्याचा संकोच, बोललेले इतरांना समजेल की नाही याची धास्ती. भाकरी कुस्करून, वरणात भिजवून, तीही घशाखाली उतरत नाही म्हणून आंबिलीवर दिवस काढणारी माणसे आपल्या तालुक्यांत आहेत. जीव वाचला, परंतु जगणे पूर्वपदावर आले नाही, अशी ही अवस्था आहे.

अशा रुग्णांना कायमचे दात बसवता येतात काय, हा आजचा विषय आहे. विषय वैद्यकातला आणि मी कला शाखेचा पदवीधर. शस्त्रक्रियेचे बारकावे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु तज्ज्ञांनी निश्चित केलेली गोष्ट सोप्या मराठीत लोकांपर्यंत पोचवणे हे माहिती अधिकाऱ्याचे कामच आहे. या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट समजण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. ती अशी : जबड्यावर किरणोपचार सुरू होण्यापूर्वी रुग्णाचे सर्व दात दंतवैद्याने तपासले पाहिजेत. पुढे दात बसतील की नाही, हाड शाबूत राहील की नाही, हे बरेचसे त्या एका भेटीवर अवलंबून असते. आणि ती भेट घडवून आणणे आपल्या हातात आहे.

आपल्या भागातील परिस्थिती

विदर्भाला हा प्रश्न परका नाही. पानठेल्यावर तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधून मिळणारा खर्रा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो चघळून गिळला जात नाही. गाल आणि हिरडी यांच्यामधील खाचेत तासन्‌तास धरून ठेवला जातो. जेथे तो ठेवला जातो, तेथेच पुष्कळदा कर्करोगाची सुरुवात होते. गालफडाच्या आणि हिरडीच्या या भागाखाली लगेच जबड्याचे हाड असते. रोग हाडाजवळ पोचला की शस्त्रक्रियेत हाडाचा भागही काढावा लागतो. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग जिभेवर व जिभेखाली अधिक आढळतो. आपल्याकडे गाल व हिरडी यांवर त्याचे प्रमाण मोठे आहे. म्हणूनच जबडा आणि दात यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न आपल्याकडे अधिक मोठा आहे.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाविषयी २०१६-१७ मध्ये देशव्यापी पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. २४.४ टक्के व्यक्ती तंबाखू खाण्याच्या, चघळण्याच्या वा दातांना लावण्याच्या स्वरूपात घेत होत्या. म्हणजे महाराष्ट्राचा तंबाखूचा प्रश्न हा प्रामुख्याने तोंडात ठेवल्या जाणाऱ्या तंबाखूचा आहे.

सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीची गणना मानवाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. सुपारीमुळे तोंडातील अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासे होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. ‘सबम्युकस फायब्रोसिस’ या नावाने तो आज ओळखला जातो. ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याच्या मागच्या दातांपर्यंत दंतवैद्याचे हत्यार पोचणार कसे? दात बसवण्याच्या मार्गातील ही पहिली अडचण रोगाच्याही आधी निर्माण झालेली असते.

शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली आणि पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी व खर्रा-माव्यासारखी मिश्रणे यांनाही तिच्या कक्षेत आणले. बंदीची अंमलबजावणी आपणा सर्वांच्या सहकार्यावर अवलंबून आहे. तो विषय मोठा असल्याने येथे विस्तार करीत नाही.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

जबड्यात आलेली प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते, असे समजून घाबरून जाण्याचे कारण नाही. दातांच्या मूळ पेशींपासून निर्माण होणारी ‘अमेलोब्लास्टोमा’ नावाची गाठ पुष्कळदा तरुण वयात, खालच्या जबड्याच्या मागच्या भागात दिसते. ती सावकाश वाढते, हाड पोखरते, चेहरा बेढब करते. परंतु ती सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही. तिच्यावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार होय. अशा रुग्णांना साधारणतः किरणोपचार द्यावे लागत नाहीत आणि त्यामुळे त्यांच्या जबड्यात पुढे दात बसवणे तुलनेने सोपे जाते. कर्करोगाची गोष्ट निराळी. रोग पुढच्या अवस्थेत असेल तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावे लागतात. खरी अडचण तेथून सुरू होते.

नवा जबडा कसा घडतो

जबड्याचा तुकडा काढल्यावर पूर्वी ती जागा तशीच राहत असे किंवा धातूच्या पट्टीने जोडली जात असे. चेहरा एका बाजूस ओढला जाई आणि पट्टीवर दात बसवता येत नसत. पायाच्या पोटरीत दोन हाडे असतात. त्यांपैकी बाहेरच्या बाजूचे बारीक हाड शरीराचा फारसा भार उचलत नाही. हे हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून दुसरीकडे जोडता येते, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये या हाडापासून खालचा जबडा घडवण्याची पद्धती प्रसिद्ध केली. हाडाला योग्य ठिकाणी छेद देऊन जबड्याचा बाक देतात, त्याच्या बारीक रक्तवाहिन्या मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात आणि नव्या ठिकाणी ते हाड जिवंत राहते. रुग्ण पुढे चालू शकतो. सांगण्याचा मुद्दा असा, की हे हाड दाताचे मूळ धरण्याइतके जाड असते. म्हणजे जबडा गेला तरी दातांची आशा संपत नाही.

किरणांचा हाडावर परिणाम

किरणोपचाराने कर्करोगाच्या पेशी मरतात. शस्त्रक्रियेनंतर हे उपचार सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालतात. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. दररोज दोन ग्रे याप्रमाणे तीस बैठकांत साठ ग्रे, हे त्याचे नेहमीचे प्रमाण आहे. नव्या यंत्रांनी किरण अधिक नेमके सोडता येतात. तरीही रोगाच्या जागेलगतचे हाड त्यातून पूर्णपणे वाचत नाही.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, तण मारण्यासाठी केलेल्या फवारणीने जमिनीचाही कस थोडा कमी होतो. किरणांमुळे हाडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या हळूहळू आकसतात, नवे हाड घडवणाऱ्या पेशी कमी होतात आणि प्राणवायूचा पुरवठा घटतो. वरच्या जबड्याला रक्तपुरवठा विपुल असतो. खालच्या जबड्याला तो मुळातच कमी असतो. म्हणून धोका खालच्या जबड्याला अधिक. असे हाड एरवी वर्षानुवर्षे शांत राहते. परंतु त्याला जखम झाली, उदाहरणार्थ दात उपटला, तर ती भरून येत नाही. हाड उघडे पडते, कुजते, त्यातून पू येतो, आणि कधी जबडा आपोआप मोडतो. ही भीती सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी संपत नाही. ती आयुष्यभर राहते.

दुसरा परिणाम लाळेवर होतो. लाळग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या की तोंड कोरडे पडते. लाळ ही दातांची नैसर्गिक राखण आहे. ती गेली की चांगले दातही मानेपाशी किडू लागतात आणि काही महिन्यांत तुटतात. म्हणजे एकीकडे दात भराभर किडतात आणि दुसरीकडे ते काढणे धोक्याचे होते. या कात्रीतून सुटण्याचा मार्ग एकच : जे दात पुढे टिकणार नाहीत ते किरणोपचाराच्या आधी, जखम भरण्यास किमान दोन-तीन आठवडे मिळतील अशा बेताने काढावेत, जे टिकणार आहेत ते साफ करून, भरून, मजबूत करून ठेवावेत.

टायटॅनियमचा शोध

आता दंतरोपणाकडे वळू. नेहमीची कवळी हिरडीवर टेकते. रोपणाचा दात हाडात रुजवलेल्या धातूच्या स्क्रूवर उभा राहतो. हा धातू टायटॅनियम होय. स्वीडनचे शास्त्रज्ञ डॉ. पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० नंतरच्या दशकात सशांच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची छोटी साधने हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू गेले असता निघेनात. हाड धातूला घट्ट बिलगले होते. या निरीक्षणातून त्यांनी पुढे दातांसाठी रोपणाची पद्धत विकसित केली आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. तो रुग्ण जन्मतः टाळूत व्यंग असलेला होता. ही रोपणे त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ उपयोगी पडली. १९८२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथील परिषदेनंतर या पद्धतीला जगभर मान्यता मिळाली.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की धातू हाडाला चिकटत नसतो. हाड धातूभोवती वाढत असते. त्यासाठी हाड जिवंत, रक्ताने भरलेले असावे लागते. निरोगी खालच्या जबड्यात सुमारे तीन महिन्यांत ही जुळणी होते. किरणोपचार झालेल्या हाडात मात्र तिला विलंब लागतो आणि कधी ती होतच नाही.

मग रोपण करावे काय?

याचे प्रामाणिक उत्तर असे आहे : करता येते, परंतु सर्वांना नाही आणि केव्हाही नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र मांडून पाहिल्यास, किरणोपचार झालेल्या जबड्यात रोपण निखळण्याचा धोका निरोगी जबड्याच्या साधारण दुप्पट आढळतो. तरीही बहुसंख्य रोपणे टिकतात. हाडाला मिळालेली मात्रा पन्नास ग्रेच्या वर जाऊ लागली की धोका वाढतो. तंबाखू चालू ठेवणाऱ्याच्या बाबतीत तो आणखी वाढतो.

रोपणासाठी दोन वेळा योग्य मानल्या जातात. पहिली वेळ म्हणजे कर्करोगाच्या मूळ शस्त्रक्रियेचीच. हाडाला अजून किरण लागलेले नसतात, रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत असतोच, आणि किरण सुरू होईपर्यंतच्या काही आठवड्यांत हाड धातूला धरू लागते. पुढे एक शस्त्रक्रिया वाचते. परंतु याला मर्यादाही आहेत. रोपणाची जागा अचूक साधणे कठीण जाते. काही रुग्णांत रोग उलटतो आणि केलेले रोपण वापरलेच जात नाही. शिवाय दातांसाठी किरणोपचार लांबवून चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हावेत, हा कर्करोगतज्ज्ञांचा दंडक आहे आणि तो मोडण्याइतके दात मोठे नाहीत.

दुसरी वेळ किरणोपचारानंतरची. घाई न करता सहसा वर्षभर, काही ठिकाणी त्याहून अधिक थांबतात. तोंडातील जखमा बऱ्या होतात आणि रोग परत येत नाही याची खात्रीही करता येते. कारण रोग उलटायचा असेल तर तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. रोपण केल्यावरही त्यावर दात चढवण्यासाठी नेहमीपेक्षा अधिक महिने वाट पाहावी लागते. रोपण करणाऱ्या दंतवैद्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : जबड्याच्या नेमक्या कोणत्या भागाला किरण लागले, किती ग्रे लागले आणि केव्हा. ही माहिती किरणोपचार विभाग उपचार संपल्यावर जो कागद देतो त्यात असते. तो कागद हरवला तर पुढचा दंतवैद्य अंधारात चाचपडतो. शेताच्या सातबाऱ्याइतकाच हा कागद जपला पाहिजे.

सर्वच दात रोपून घेण्याची गरज नसते. खालच्या जबड्यात दोन ते चार रोपणे करून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवता येते. कोरड्या तोंडात साधी कवळी हिरडीला घासते, फोड येतात आणि त्या जखमेतूनही हाड उघडे पडू शकते. रोपणांवर टेकलेली कवळी हिरडीवरचा भार कमी करते. किरणोपचार झालेल्या रुग्णाला रोपणाचा मोठा फायदा कोणता, तर हा. चेहऱ्याची शोभा हा त्यानंतरचा लाभ.

प्राणवायूच्या कक्षाविषयी

या संदर्भात एक सावधगिरीची सूचना करतो. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये असे मांडले, की किरण लागलेल्या हाडात प्राणवायू, पेशी आणि रक्तवाहिन्या या तिन्ही कमी पडतात. त्यावरून रुग्णाला वाढीव दाबाच्या बंद कक्षात बसवून शुद्ध प्राणवायू देण्याची प्रथा पडली. दात काढण्यापूर्वी व नंतर मिळून अशा तीस बैठका सुचवल्या जात. कल्पना तर्कशुद्ध होती. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जबड्यावर किरणोपचार झालेल्या आणि त्यानंतर दात काढावे वा रोपण करावे लागलेल्या रुग्णांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला हा प्राणवायू दिला, दुसऱ्याला दिला नाही. हाड कुजण्याचे प्रमाण दोन्ही गटांत शंभरामागे सुमारे सहा, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. तात्पर्य, केवळ दात काढण्यापूर्वीची खबरदारी म्हणून अशा बैठकांसाठी कोणी मोठी रक्कम सांगत असेल, तर शेत गहाण टाकण्यापूर्वी कर्करोग रुग्णालयातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

रोपण शक्य नसेल तर

ज्यांना रोपण करता येत नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. वरचा जबडा व टाळू काढलेल्या रुग्णास नाकात अन्न जाते आणि आवाज नाकातून, अस्पष्ट येतो. टाळूचे छिद्र झाकणारी विशेष कवळी बसवली की त्याच दिवशी बोलण्यात फरक जाणवतो. तोंडाची उघडझाप टिकवण्यासाठी उपचार चालू असल्यापासूनच रोज व्यायाम करावा लागतो. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून, दर काही दिवसांनी एक वाढवीत, तोंड उघडण्याचा सराव करण्याची साधी रीत रुग्णालयात शिकवली जाते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात काय, ही घरच्या घरी करण्याची परीक्षा आहे. उरलेल्या दातांना डॉक्टरांनी दिलेले फ्लोराइड दररोज लावणे आणि घोट घोट पाणी पीत राहणे, ही कामे आयुष्यभराची आहेत. किरणोपचारानंतर दात दुखू लागला तर तो उपटण्याऐवजी त्याच्या मुळावर उपचार करून, वरचा भाग कापून, मूळ हाडातच राहू देणे हा पुष्कळदा सुरक्षित मार्ग असतो.

सोय कोठे आहे

नागपूरला याबाबत पुष्कळ अनुकूलता आहे. येथील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ पासून कार्यरत आहे आणि ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे आपण ज्याला ‘मेडिकल’ म्हणतो त्याच्या परिसरातच आहे. ज्यांनी खंजिरीच्या साथीने गावोगाव व्यसनमुक्तीचा उपदेश केला, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय मानेवाडा मार्गावर आहे. जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी येथे मोठी रुग्णालये असून सावंगीस दंत महाविद्यालयही आहे. कर्करोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य एकमेकांपासून फार दूर नाहीत. रुग्णाला एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत वेळेत नेणारा माणूस मात्र हवा असतो.

खर्चाविषयी दोन शब्द. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत आपल्याकडील अमरावती व गडचिरोली हे जिल्हे होते. पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांचा तीत समावेश आहे. दंतरोपणाचा खर्च मात्र तीत आपोआप येतो असे गृहीत धरू नये. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेले असतात. कोणते उपचार योजनेत बसतात आणि कोणते स्वखर्चाने करावे लागतील, हे त्यांच्याकडून उपचारापूर्वी समजून घ्यावे.

आपण काय करावे?

सरपंच आणि सदस्यहो, गावात कोणाला तोंडाचा कर्करोग झाल्याचे कळले, की त्या कुटुंबाला दोन प्रश्न विचारा. किरणोपचार द्यावे लागणार आहेत काय? आणि त्यापूर्वी दंतवैद्याने दात पाहिले काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर त्या आठवड्यात त्यांना दंत महाविद्यालयात पाठवण्याची व्यवस्था करा. आशा स्वयंसेविकेला हे सांगून ठेवा. गावी परतलेल्या रुग्णाचे कागद एका पिशवीत, पावसापाण्यापासून सुरक्षित राहतील असे ठेवायला सांगा. आठवडी बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे अशा रुग्णाने चुकूनही जाऊ नये. पदवीधर दंतवैद्याकडे गेले तरी खुर्चीत बसण्यापूर्वीच ‘माझ्या जबड्यावर किरणोपचार झाले आहेत’ हे वाक्य बोलावे. वरकरणी हाड नेहमीसारखेच दिसते; रुग्णाने सांगितल्याशिवाय डॉक्टरांना ते कळण्याचा भरवसा नाही.

शिक्षक मित्रहो, आपले काम रोगाच्या वीस वर्षे आधीचे आहे. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत तंबाखू विकणे हा गुन्हा आहे. शाळेच्या फाटकापासून पानठेल्यापर्यंतचे अंतर मुलांकडून मोजून घ्या. गणिताचा धडाही होईल आणि कायद्याचाही. वर्गातील एखाद्या मुलाचे तोंड तीन बोटे उघडत नसेल, तिखट घास त्याला झोंबत असेल, तर त्याला रागावू नका. त्याच्या पालकांना बोलावून दंतवैद्याकडे पाठवा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवता येईल.

अधिकारी बंधूंना माझी विनंती अशी, की कर्करोगाच्या रुग्णाचा प्रस्ताव वा अर्ज हाताळताना ‘उपचार पूर्ण’ हा शेरा शेवटचा मानू नये. जबड्याचा रुग्ण पुढेही वर्षानुवर्षे तपासणीसाठी येणार असतो. त्याला मिळणारे दाखले, प्रवासाच्या सवलती आणि योजनेची माहिती यांत एक दिवसाचा विलंबही त्याच्या पुढच्या भेटीवर परिणाम करतो.

मित्रहो, जबड्यातील रोग काढणे हे शल्यचिकित्सकाचे काम, किरण देणे हे किरणोपचारतज्ज्ञाचे आणि दात बसवणे हे दंतवैद्याचे. या तिघांचा क्रम चुकला तर पुढे कितीही पैसा ओतला तरी ती चूक निस्तरणे अवघड होते. क्रम साधला तर गरीब माणसालाही आपल्या घरची भाकरी पुन्हा चावून खाण्याची आशा धरता येते. तो क्रम रुग्णाला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगणारा माणूस प्रत्येक गावात असावा आणि तो आपल्यापैकी असावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी माझे भाषण पुरे करतो.